मागच्या जिन्याने या

नखं दाखवा.

हो, तुम्हालाच म्हणतायत. ओबरश्वेस्टर, म्हणजे इथल्या मुख्य परिचारिका, दार अडवून उभ्या आहेत. त्यांच्या एप्रनला इतकी खळ आहे की वळताना तो करकरतो. नखं कापलेली आहेत तुमची, पण अंगठ्याच्या कोपऱ्यात काळं दिसतंय. तेव्हा निमूट परत जा, ब्रश घ्या आणि कढत पाण्याच्या नळाखाली कोपरापर्यंत घासा. दहा मिनिटं. भिंतीवर वाळूचं घड्याळ लावलंय, लबाडी चालणार नाही. मग स्पिरिट. कातडी चुरचुरेल, डोळ्यांत पाणी येईल. कुठून आलात, कुठल्या सालातून आलात, हे इथे कोणी विचारणार नाही. हात स्वच्छ असले की तुम्ही इथले.

साल 1932, शरद ऋतू, बर्लिन. ही वस्ती बायरिशेस फिर्टेल: रुंद रस्ते, लिंडनची झाडं, चार-पाच मजल्यांच्या भारदस्त इमारती. वकील, डॉक्टर, प्राध्यापक, आणि त्यांच्यात ज्यू कुटुंबं बरीच. आइन्स्टाइन इथेच हाबरलांडश्ट्रासेवर राहतात, आणि समोरचा बेकरीवाला ते सांगितल्याशिवाय तुम्हाला पाव देत नाही. इमारतीला दोन जिने आहेत. पुढचा संगमरवरी, लाल गालिचा अंथरलेला. मागचा अंगणातून वर येणारा, अरुंद, कोळसेवाल्याचा, दूधवाल्याचा आणि मोलकरणींचा. आत्ता तुम्ही पुढच्या जिन्याने आलात. दोन्ही लक्षात ठेवा.

दुसरा मजला म्हणजे डॉक्टरांचं खासगी क्लिनिक. बारा खाटा, उत्तरेच्या उजेडाची एक ऑपरेशनची खोली, हत्यारं उकळायची खोली, बाहेर थांबायची खोली. वरच्या मजल्यावर डॉक्टरांचं घर. डॉक्टरांना मी नाव देत नाही, कारण त्यांना मी अनेकांच्या आयुष्यांतून जुळवलंय. तुम्हाला जे दिसेल ते बर्लिनमधल्या, ब्रेस्लाउमधल्या, फ्रांकफुर्टमधल्या कितीतरी ज्यू सर्जनांच्या वाट्याला आलं, आणि एका नावाआड ते झाकलं जाऊ नये असं मला वाटतं.

चला, पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. दार उघडताच उष्ण वाफ तोंडावर येते. ईथरचा गोडसर वास आधी नाकात, मग जिभेवर, मग थेट डोक्यात चढतो. रोग्याच्या तोंडावर जाळीची टोपी, त्यावर गॉज आणि त्यावर थेंब थेंब ईथर. रोगी जड आवाजात आकडे मोजतोय, सव्वीस, पंचवीस, चोवीस, आणि मध्येच थांबतो. तुमच्या हातात वाकडं, पसरट हत्यार दिलं जातं. त्याने जखमेची कड मागे ओढून धरायची आणि हलायचं नाही. पाचव्या मिनिटाला दंड भरून येतात, दहाव्याला थरथरतात. पाठीवरून घामाची धार उतरते, पण ती पुसायला हात कुठाय? नर्स डॉक्टरांचं कपाळ टिपते, तुमचं नाही.

डॉक्टरांचे हात बघा. जाडजूड, आखूड बोटांचे, केसाळ. पियानोवादकाची लांबसडक बोटं मनात असतील तर ती सोडा. पण ही बोटं आत गेली की त्यांना डोळे फुटतात. पहिल्या महायुद्धात चार वर्षं त्यांनी आघाडीमागच्या तंबूत, कंदिलाच्या उजेडात माणसं शिवली. त्याबद्दल मिळालेला आयर्न क्रॉस टेबलाच्या खणात पडून असतो, बटणं आणि सुटी पोस्टाची तिकिटं यांच्या शेजारी. पोटात पू झाला तर तो मारणारं खात्रीचं औषध अजून कुणाकडेच नाही. प्रोन्टोसिलच्या लाल गोळ्या यायला तीन वर्षं आहेत, पेनिसिलिनला त्याहून बरीच. म्हणून ती नखं. म्हणून ते वाळूचं घड्याळ. इथे रोगी वाचतो तो हातांवर आणि उकळत्या पाण्यावर.

दुपारी बाहेरची खोली भरते. ट्रॅमचा कंडक्टर, शिवणकाम करणारी बाई, साबणाच्या कारखान्याचा मालक, हर्नियावाला हमाल, सगळे एकाच रांगेतल्या खुर्च्यांवर. ओल्या लोकरीच्या कोटांचा वास, सिगारेटचा वास, जमिनीच्या मेणाचा वास, आणि शेगडीत जळणाऱ्या तपकिरी कोळशाचा तो खवखवणारा वास, जो बर्लिनच्या हिवाळ्यात पडद्यांत आणि पावातसुद्धा शिरतो. बहुतेकांचे पैसे विमा-फंडाकडून येतात, कारखानदार रोख देतो. नाताळात कंडक्टर अख्खा हंस घेऊन येतो, पिसांसकट. स्वयंपाकीणबाई कुरकुरतात आणि खूश होतात. ज्याचं पोट आपण उघडलं तो माणूस वर्षानुवर्षं आठवण ठेवतो, असं डॉक्टर म्हणतात. त्यांना खरंच तसं वाटतं.

आता 1 एप्रिल 1933. शनिवार. इमारतीच्या दाराशी तपकिरी गणवेशातले दोन नाझी जवान उभे आहेत. एकाच्या हातात फलक, ज्यू डॉक्टरांकडे जाऊ नका. जवळून जाताना त्याच्या नव्या चामडी पट्ट्याचा आणि शिळ्या बिअरचा वास येतो. मुलगा विशीचा, नाक वाहतंय. तुम्ही आत शिरताना तो कुणाच्याही डोळ्यांत बघत नाही. शिवणवाल्या बाई छत्री पुढे धरून त्याच्या बगलेखालून सरळ आत येतात आणि वर पोचेपर्यंत शिव्या देत राहतात. त्या दिवशी त्या एकट्याच येतात. शहरात इतरत्र याहून वाईट चाललंय. मोआबिटच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयातून ज्यू डॉक्टरांना पांढऱ्या कोटात, फेरी अर्धवट असताना, पकडून नेलं.

मग कागद यायला लागतात. आवाज त्या पट्ट्याच्या मुलाचा मोठा, पण क्लिनिक पोखरलं ते कागदांनी. विमा-फंडातून ज्यू डॉक्टरांना काढलं, आघाडीवर लढलेल्यांना तेवढी सूट. खणातला आयर्न क्रॉस बाहेर निघतो, त्याची प्रमाणित नक्कल जोडली जाते, आणि डॉक्टर वाचतात. वाचले असं त्यांना वाटतं. तुम्हालाही वाटू द्या, कारण त्यावेळी समजूतदार माणसांनाही तसंच वाटत होतं. रुडॉल्फ निसेन, शारिटे रुग्णालयातला तडफदार सर्जन, त्याच वर्षी इस्तंबूलला निघून गेला, तेव्हा वरच्या मजल्यावर जेवताना डॉक्टर म्हणाले, तरुण आहे, एकटा जाऊ शकतो. माझ्या बारा खाटा कोण उचलणार?

पुढची पाच वर्षं तुम्ही बाहेरच्या खोलीत बसा आणि खुर्च्या मोजा. कोपऱ्यावर लाल रंगाची काचेची पेटी लागलीय, तिच्यात ‘डेअर श्ट्युर्मर’ या ज्यूद्वेष्ट्या साप्ताहिकाचा ताजा अंक लावतात. ज्यू डॉक्टरकडे जाणाऱ्यांची नावं अशा ठिकाणी झळकतात. आधी सरकारी नोकर येईनासे होतात, मग त्यांच्या बायका. कंडक्टर एका संध्याकाळी मागच्या जिन्याने येतो. कोळशाच्या धुळीने त्याची बाही काळी झालीय, टोपी हातात चुरगाळलेली. पाय दाखवतो, औषध घेतो, हंसाबद्दल काही बोलत नाही. त्यानंतर मागच्या जिन्याची वर्दळ वाढते. रात्री साडेनऊला अंगणातल्या दगडांवर पावलं वाजतात, दार तीनदा हलकेच ठोठावलं जातं. तुम्ही दिवा घेऊन उघडता. बाईच्या चेहऱ्यावर जाळीचा पडदा, पोटावर दोन्ही हात. डॉक्टर तिचं नाव विचारत नाहीत. तपासतात, बोट ठेवतात, ती किंचाळते, तुम्ही तिच्या तोंडाशी टॉवेल धरता. शेजाऱ्यांनी ऐकू नये म्हणून. पुढच्या जिन्यावरचा गालिचा मात्र आता झिजत नाही.

न्युर्नबर्गच्या कायद्यांनी स्वयंपाकघर रिकामं केलं. ज्यू पुरुष असलेल्या घरात पंचेचाळिशीच्या आतल्या ‘आर्य’ बाईने काम करायचं नाही. स्वयंपाकीणबाई चौतीस वर्षांच्या. भांडी शेवटची घासून, एप्रन घडी करून, त्या मागच्याच जिन्याने उतरल्या आणि अंगणात उभ्या राहून मोठ्याने रडल्या. त्यानंतर रोग्यांचं कोंबडीचं सूप डॉक्टरांच्या पत्नी करतात. ते खारट होतं. कोणी बोलत नाही.

1938च्या उन्हाळ्यात तुम्हाला घामाने भिजलेलं वर्तमानपत्र मिळतं. ज्यू डॉक्टरांचे परवाने 30 सप्टेंबरला संपणार. 1933 साली देशात सुमारे 8,000 ज्यू डॉक्टर होते. आता 3,152 उरलेत. त्यांपैकी 709 जणांना फक्त ज्यू रोग्यांवर उपचार करता येतील, तेही डॉक्टर म्हणून नाही, ‘आजाऱ्यांवर उपचार करणारा’ एवढ्या नावाने, निळ्या पाटीवर पिवळं वर्तुळ आणि त्यात दाविदाचा तारा काढून. आपले डॉक्टर त्या 709 मध्ये नाहीत.

शेवटचं ऑपरेशन एका शाळकरी पोराचं, अपेंडिक्सचं. शुक्रवार, 23 सप्टेंबर. हत्यारं नेहमीसारखी उकळतात, घड्याळातली वाळू नेहमीसारखी पडते, ओबरश्वेस्टर तुमची नखं बघतात. जखम छान बंद होते. मग डॉक्टर बोटांवर दिवस मोजतात. टाके आठव्या दिवशी काढायचे. आठवा दिवस 1 ऑक्टोबर. त्या दिवशी त्यांनी चिमटा हातात घेतला तर तो गुन्हा. ते पोराच्या खाटेशी बराच वेळ उभे राहतात. अखेर सातव्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत, तुम्ही वाटी धरता आणि ते एकेक टाका काढतात. पोरगं गुदगुल्या होतात म्हणून हसतं. खाली दाराशी पितळी पाटीचे चार स्क्रू तुम्हालाच काढावे लागतात, त्यातला एक गंजलेला आहे, फिरत नाही, आणि रस्त्यावरचे लोक थांबून बघतात.

नोव्हेंबर. रात्री देशभर ज्यूंची दुकानं आणि सिनेगॉग फोडली, जाळली. सकाळी पायाखाली काच. एवढी, की बुटाच्या तळव्यात रुतते. फाझानेनश्ट्रासेवरच्या सिनेगॉगचा धूर अजून हवेत आहे. ओला, जळक्या पुस्तकांचा. डॉक्टरांना कॉफी पिताना उचललं. बाहेरगावी, ब्रेस्लाउच्या ज्यू रुग्णालयात, लुडविग गुटमान नावाच्या मेंदूच्या डॉक्टरने त्या रात्री हुकूम सोडला की जो पुरुष दारात येईल त्याला दाखल करून घ्या, आजार नंतर बघू. 64 जण खाटांवर झोपवले. दुसऱ्या दिवशी गेस्टापोच्या, म्हणजे गुप्त पोलिसांच्या, माणसांसमोर खाटेखाटेशी उभं राहून त्याने प्रत्येकाला रोग जोडून दिला, आणि 60 वाचले. तुम्ही या रिकाम्या बारा खाटांमध्ये उभे आहात, म्हणून ही गोष्ट तुमच्या कानावर घातली. वैद्यकीचा याहून सुंदर उपयोग मला माहीत नाही.

आपले डॉक्टर साक्सेनहाउझेनच्या छावणीत होते. सुमारे 30,000 पुरुष तसे देशभरातल्या छावण्यांत डांबले गेले. ते डिसेंबरमध्ये परततात, देश सोडण्याच्या कागदावर सही करून. डोकं तासलेलं, कोट दुसऱ्याच कुणाचा. तुम्ही त्यांचा हात हातात घेता आणि दचकता. तासन्‌तास उघड्यावर गारठ्यात उभं केलं होतं. उजव्या हाताची दोन बोटं निळी, फुगलेली, टोकाला फोड. ते स्वतःच बघतात, दिव्याखाली धरून, उलटसुलट करून, रोग्याचं बघतात तसंच. राहतील, ते म्हणतात. स्पर्श परत यायला वेळ लागेल. इरानिशे श्ट्रासेवरच्या ज्यू रुग्णालयात छावणीतून सुटलेल्या ज्यांची बोटं राहण्यासारखी नाहीत, त्यांची ती कापली जातायत.

आता रांगा. तुमचे पाय तयार ठेवा. टियरगार्टेनश्ट्रासेवर ब्रिटिश पासपोर्ट कचेरी, तिथला फ्रँक फोली नियम वाकवून व्हिसा देतो असं रांगेत कुजबुजतात, पण रांग कोपऱ्यापलीकडे गेलीय. अमेरिकी वकिलातीत नंबर मिळतो, तो नंबर यायला वर्षं लागतील. माइनेकेश्ट्रासेवर पॅलेस्टाइनची कचेरी. रांगेत सगळे उभ्या उभ्या इंग्रजी घोकतात, पुटपुटत, आणि तुमच्या कानाशी भलत्याच उच्चारांचा गुंजारव चालू असतो. मोरित्स बोर्खार्ट, ज्याने मॉस्कोत लेनिनच्या मानेतून गोळी काढली तो सर्जन, सत्तरी गाठून अर्जेंटिनाला निघालाय, तेव्हा कोणी कुठेही जाऊ शकतं, असं एक म्हातारे गृहस्थ सांगतात. त्यांच्या हातात ‘फिलो-अ‍ॅटलास’ आहे, देश सोडणाऱ्या ज्यूंसाठी त्याच वर्षी छापलेला कोश. पानांचे कोपरे तेलकट झालेत.

हिशेब असा. मालमत्तेचा चौथा हिस्सा देश सोडण्याचा कर. त्यावर ज्यूंवर बसवलेला वेगळा दंड. उरलेलं बँकेत गोठलेलं. सोबत न्यायला माणशी 10 मार्क. पासपोर्टवर मोठं लाल ‘J’ अक्षर, नावात सक्तीचा ‘इस्राएल’. क्लिनिक विकायचं तर घेणारा एकच, आणि भाव तोच सांगणार. एक तरुण सर्जन येतो, टेप लावून ऑपरेशनचा दिवा मोजतो, टेबलाचा पाय हलवून बघतो. तो डॉक्टरांचाच विद्यार्थी होता. जाताना तो पुढच्या जिन्याने जातो.

सामान बांधायच्या दिवशी जकातीचा माणूस खुर्ची टाकून बसतो आणि तुम्ही यादी टाइप करता. 1933 च्या आधीच्या वस्तू, नंतरच्या वस्तू, प्रवासासाठी घेतलेल्या वस्तू. तीन रकाने. रुमाल, सोळा. मोजे, नऊ जोड्या. टोकदार कात्री, एक. बोथट कात्री, दोन. धमनीचे चिमटे, चोवीस. या चोवीस चिमट्यांवर तो थांबतो. इतके कशाला? डॉक्टर शांतपणे सांगतात की पोट उघडल्यावर रक्त एकाच जागेहून येत नाही. तो लिहून घेतो. लाकडाची अवाढव्य पेटी अंगणात उभी आहे, ओल्या पाइनचा वास सुटलाय, खिळे ठोकल्याचा आवाज पाचही मजल्यांवर जातो आणि एकही खिडकी उघडत नाही. पेटी हाम्बुर्गला जाईल. युद्ध सुरू झाल्यावर अशा हजारो पेट्या धक्क्यावर अडकून पडल्या, आणि पुढे गेस्टापोने त्यांचा लिलाव केला. डॉक्टरांच्या पत्नी मात्र जकातवाल्याला कॉफी द्यायला वळतात, तेवढ्यात डॉक्टर सहा चिमटे आणि एक चाकू लोकरी मोज्यात घालून हातातल्या पिशवीत टाकतात. तुम्ही टाइप करत राहा. वर बघू नका.

त्रिएस्तेहून इटालियन बोट निघते. शांघाय हे जगातलं जवळपास एकच बंदर आहे जिथे उतरायला व्हिसा मागत नाहीत. आणि काय सांगू, जेवण! पांढरे टेबलक्लॉथ, पास्ता, संत्री, वाढपी ‘दोत्तोरे’ म्हणून वाकतो. डॉक्टर पहिल्याच रात्री इतकं खातात की आजारी पडतात. सुएझनंतर डेक तापतो, रंगाचा वास उठतो, लोकरी कोट निघतात. मुलं पळतात. कोणी अ‍ॅकॉर्डियन काढतं.

एका सकाळी हवेत वेगळाच वास येतो. सुके मासे, धूप, मानवी घाम, ओलं गोणपाट. धक्क्यावरून आरोळ्या येतात आणि तुमच्या छातीत धस्स होतं, कारण बोटीवरच्या शेकडो माणसांत त्या फक्त तुम्हालाच कळतायत. ‘अरे ओढ की! दोर सोडू नको!’ मुंबई. डॉक्टर कठड्याला टेकून विचारतात, काय म्हणतायत ते? तुम्ही सांगता. या शहरात 1934 पासून ज्यू रिलीफ असोसिएशन आहे, काही जर्मन ज्यू डॉक्टर इथेच उतरून स्थायिक झालेत. पण त्यासाठी कागद लागतो, आपल्या डॉक्टरांकडे तो नाही. जे उतरले त्यांच्यातल्या काहींना युद्ध लागताच ‘शत्रूराष्ट्राचे नागरिक’ म्हणून अहमदनगरच्या छावणीत जावं लागलं, ज्यांनी त्यांना हाकललं त्या जर्मनीचे म्हणून.

खाली एक हमाल गोणीवर बसलाय. अंगठ्याला मळकट चिंधी, हात खांद्याच्या वर उचलून धरलेला. डॉक्टर ते केव्हाच हेरून बसलेत. ‘पू झालाय,’ ते म्हणतात. ‘हात वर धरलाय, म्हणजे रात्रभर ठणकतंय. आजच उघडायला हवं. उशीर झाला तर पू वर चढेल, हात जाईल.’ आपल्याच अंगठ्यावर नखाने रेघ ओढून ते तुम्हाला दाखवतात, इथून, बाजूने, एवढंच. पाच मिनिटांचं काम. मोज्यात चाकू आहे. शिडीच्या तोंडाशी पोलीस उभा आहे. डॉक्टर त्याच्यापर्यंत जातात, पिशवी दाखवतात, खाली बोट दाखवतात, जर्मनमध्ये, मग घोकलेल्या इंग्रजीत सांगतात. पोलीस मान हलवतो. तुम्ही कठड्यावरून ओरडून हमालाला मराठीत सांगता, दवाखान्यात जा, आजच जा! तो चमकून वर बघतो. कोण मराठी बोललं, हे त्याला गोऱ्यांच्या त्या गर्दीत सापडत नाही.

शांघायला ट्रक येतात आणि सगळ्यांना होंगक्यूला नेतात. खोलीत दुमजली खाटा, चादरी टांगून केलेले आडोसे, खाली गल्लीत तळणीचा धूर, शेजारी माहजोंगच्या सोंगट्यांचा खडखडाट, वरून गळणारं पाणी, आणि कुठूनतरी व्हिएन्नाच्या शैलीत भांडण. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आडोशातला चपला शिवणारा माणूस मानेवरचं गळू घेऊन येतो. लिंबाएवढं, लाल, कढत. पैसे नाहीत म्हणतो, दोन अंडी आणलीत. डॉक्टर मोजा उलटा करतात. स्पिरिटच्या दिव्यावर पातेलं चढतं, चिमटे आत खळखळतात. ते उजव्या हाताची ती दोन बोटं दोन-तीनदा उघडमीट करतात, मग चाकू डाव्या हातात घेऊन बघतात, मग पुन्हा उजव्या. ईथर नाही. चपलावाला आताच विव्हळायला लागलाय आणि आडोशापलीकडची पोरं डोकावतायत.

‘त्याचे खांदे धरा,’ डॉक्टर तुम्हाला सांगतात. ‘नाही, असे नाही. गुडघा पाठीला लावा. घट्ट.’